एक हेक्टर शेवाळ, वीस मिनिटांचा वायू: रेडहॉकचं प्रकरण

२००७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात एक हरितगृह बंद पडलं. आतलं पीक इतक्या जोमानं वाढलं की काढणारी यंत्रणा मागे पडली, आणि वेळेवर न काढलेलं पीक जागच्या जागी मेलं. पीक होतं सूक्ष्म शेवाळ. त्याला लागणारा कार्बन डायऑक्साइड येत होता शेजारच्या रेडहॉक वीज केंद्राच्या धुराड्यातून. ग्रीनफ्युएल टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी हे सगळं चालवत होती आणि तोवर तिच्यावर भरभरून लिहूनही आलं होतं. वीज केंद्राचा फ्लू गॅस, म्हणजे धुराड्यातून बाहेर पडणारा वायू, शेवाळाला खाऊ घालायचा, शेवाळापासून बायोडिझेल काढायचं. प्रदूषणही जाईल आणि इंधनही मिळेल. ऐकायला इतकं सरळ की शंका घेणाऱ्यालाच ओशाळं वाटावं.

या विषयावर प्रयोग पुष्कळ झाले, पण रेडहॉकचं प्रकरण मला जास्त उपयोगाचं वाटतं. इथे कल्पना, पैसा, चांगली माणसं, भरपूर ऊन आणि सहकार्य करणारं वीज केंद्र, सगळं एकत्र आलं होतं. तरी ते का फसलं, हे कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर कुणालाही तपासता येतं.

छतावरचे तीस त्रिकोण

ग्रीनफ्युएलची स्थापना २००१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला झाली. संस्थापक आयझॅक बर्झिन हे इस्रायली रसायन अभियंते. तिथल्याच एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात असताना अंतराळ स्थानकासाठी शेवाळ वाढवण्याच्या प्रयोगावर त्यांनी काम केलं होतं, आणि त्यातूनच धुराड्याची कल्पना निघाली. २००४ च्या सुमारास एमआयटीच्या २० मेगावॅटच्या वीज केंद्राच्या छतावर त्यांनी पारदर्शक नळ्यांचे तीस त्रिकोण उभे केले, प्रत्येकी साधारण तीन मीटर उंचीचे. नळ्यांत शेवाळाचं पाणी, आणि त्यातून बुडबुड्यांच्या रूपात जाणारा फ्लू गॅस. निकाल जाहीर झाला तो असा: लख्ख उन्हाच्या दिवशी ८२ टक्के कार्बन डायऑक्साइड कमी, ढगाळ दिवशी ५० टक्के. नायट्रोजनची ऑक्साइडंही ८५ टक्क्यांच्या आसपास कमी.

इथे एक प्रश्न विचारायचा राहून गेला, निदान बातम्यांत तरी. ८२ टक्के कशाचे? नळ्यांमधून जो वायू सोडला, त्याचे. वीज केंद्राच्या एकूण वायूचा अगदी बारीकसा भाग त्या नळ्यांकडे वळवला होता. वाचणाऱ्याच्या मनात मात्र चित्र उभं राहतं ते पूर्ण धुराड्याचं: शंभरातले ब्याऐंशी गायब. या एका गफलतीवर पुढची दोन-तीन वर्षं उत्साह टिकून राहिला असं मला वाटतं. कुणी खोटं बोललं असं म्हणायचं नाही. वायू किती वळवला याची टक्केवारी वेगळी आणि वळवलेल्यातला किती पकडला याची वेगळी, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापले गेले नाहीत, इतकंच.

२००५ मध्ये अॅरिझोना पब्लिक सर्व्हिस या वीज कंपनीबरोबर काम सुरू झालं. जागा होती फिनिक्सच्या पश्चिमेला, रेडहॉक केंद्रात. नैसर्गिक वायूवर चालणारं, सुमारे १,००० मेगावॅटचं केंद्र. वाळवंट, सपाट जमीन, वर्षभर ऊन. २००६ च्या अखेरीस कंपनीनं जाहीर केलं की फ्लू गॅसवर वाढलेल्या शेवाळापासून वाहनात वापरता येईल अशा दर्जाचं इंधन तयार झालं आहे. पुढच्या उन्हाळ्यात केलेल्या चाचणीचं मूल्यमापन एका जर्मन तज्ज्ञाकडून करून घेतलं. त्यात सरासरी उत्पादन दिलं होतं दर चौरस मीटरला दिवसाला ९८ ग्रॅम कोरडं शेवाळ, आणि सर्वांत चांगल्या दिवसाचं १७४ ग्रॅम.

हे दोन आकडे लक्षात ठेवा.

आडात किती आहे

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आड म्हणजे ऊन. शेवाळ कितीही चपळ असो, कार्बन डायऑक्साइड बांधायला लागणारी ऊर्जा त्याला उन्हातूनच घ्यावी लागते. फिनिक्सच्या परिसरात ऐन जूनमध्ये एका चौरस मीटरवर दिवसभरात साधारण २८ मेगाज्यूल ऊर्जा पडते. वर्षाची सरासरी याहून बरीच कमी. या उन्हापैकी प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडतो तो साधारण ४५ टक्के भाग. बाकीची लाल रंगापलीकडची किरणं शेवाळाच्या कामाची नाहीत. एका कार्बन डायऑक्साइडच्या रेणूमागे किमान आठ-दहा प्रकाशकण खर्च होतात. सगळं अगदी आदर्श धरलं तरी एकूण उन्हापैकी ११-१२ टक्क्यांच्या वर ऊर्जा शेवाळाच्या देहात जाऊ शकत नाही.

आता पडताळा घेऊ. एक ग्रॅम कोरड्या शेवाळात साधारण २२ किलोज्यूल ऊर्जा असते. ९८ ग्रॅम म्हणजे २.२ मेगाज्यूलच्या जवळपास, म्हणजे जूनच्या उन्हाच्या साडेसात-आठ टक्के. आदर्श मर्यादेच्या आत, पण कुठलंही शेतपीक जिथे कधी पोचत नाही तिथे. १७४ ग्रॅम म्हणजे ३.८ मेगाज्यूल, साडेतेरा टक्के. हे तर मर्यादेच्या बाहेर. उभ्या मांडलेल्या नळ्या किंवा पिशव्या बाजूचा तिरपा प्रकाशही घेतात, त्यामुळे छोट्या मांडणीत जमिनीच्या मानाने आकडा फुगतो. शेजारची जागा मोकळी असते, तिचं ऊन आपल्या खात्यात जमा होतं. शंभर हेक्टरवर अशा ओळी लावल्या की पुढची ओळ मागच्या ओळीवर सावली टाकते, आणि फुगवटा उतरतो.

हाच मुद्दा २००७ च्या मार्चमध्ये क्रासेन दिमित्रोव्ह यांनी मांडला. ते तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात होते. ऊर्जेचा ताळेबंद मांडून त्यांनी दाखवलं की असल्या बंदिस्त यंत्रणेतून निघणारं तेल परवडायचं असेल, तर खनिज तेलाचा भाव पिंपाला ८०० डॉलरच्या वर जावा लागेल. कंपनीनं उत्तर दिलं, त्यावर त्यांचं प्रत्युत्तर आलं. मी ते वाचताना मला गंमत एकाच गोष्टीची वाटली. दिमित्रोव्ह यांनी कुठला गुप्त अहवाल फोडलेला नव्हता. सूर्य किती तळपतो आणि पान किती पकडतं, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

जमिनीचं गणित त्याहून साधं आहे. शेवाळाच्या कोरड्या वजनातला निम्मा भाग कार्बन असतो. म्हणून एक किलो शेवाळ तयार व्हायला सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. उघड्या तळ्यात वर्षभराची सरासरी दिवसाला २० ग्रॅम धरा. हाही उदार आकडा आहे. एका हेक्टरला वर्षाकाठी ७३ टन शेवाळ, म्हणजे १३० टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. शेतीच्या हिशोबानं हे थोर उत्पादन आहे. आता धुराड्याकडे पाहा. नैसर्गिक वायूवरचं आधुनिक केंद्र एका मेगावॅट-तासाला साधारण ०.३७ टन कार्बन डायऑक्साइड सोडतं. रेडहॉक पूर्ण क्षमतेनं चालत असेल तर तासाला ३७० टन.

म्हणजे एक हेक्टर तळं वर्षभर राबून जेवढं बांधतं, तेवढं ते केंद्र वीस-एकवीस मिनिटांत सोडतं.

केंद्र वर्षभरात निम्म्या क्षमतेनं चालतं असं धरलं, तर सगळा वायू पकडायला १२० चौरस किलोमीटरांहून जास्त तळी लागतील. कंपनीचा ९८ ग्रॅमचा आकडा वर्षभर टिकतो असं मानलं तरी २५ चौरस किलोमीटर, आणि तेही काच, प्लास्टिक, नळ्या यांनी झाकलेले. यात आणखी एक गोम आहे. रात्री शेवाळ काहीच घेत नाही, उलट थोडा कार्बन डायऑक्साइड परत सोडतं. धुराडं रात्रीही चालू असतं. वरचं क्षेत्रफळ हे रात्रीचा वायू कुठेतरी साठवून दिवसा देण्याची सोय आहे असं धरून काढलेलं आहे. तशी सोय करायची म्हणजे आधी कार्बन डायऑक्साइड वेगळा करायचा, दाबायचा, टाक्यांत ठेवायचा. तेवढं सगळं जमत असेल तर मग शेवाळ कशाला, असा प्रश्न उरतोच. आणि हे नैसर्गिक वायूचं केंद्र; कोळशाचं असतं तर एका मेगावॅट-तासाला अडीचपट वायू.

कोळशाच्या केंद्राची एक गोष्ट मात्र शेवाळाच्या बाजूची. त्याच्या फ्लू गॅसमध्ये १२ ते १५ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. रेडहॉकसारख्या केंद्राच्या वायूत तो तीन-चार टक्केच. म्हणजे शंभर भाग वायू मैलोन् मैल पाइपातून ढकलायचा, त्यातले शहाण्णव भाग नुसतीच नायट्रोजन, वाफ आणि ऑक्सिजन. पंख्यांची वीज तेवढीच लागते, माल मात्र चार भागांचा.

काढणी

मग पीक मेलं कसं? शेवाळाच्या पाण्यात प्रकाश फार आत जात नाही. पेशी दाट झाल्या की वरच्या काही सेंटिमीटरांतच ऊन संपतं. वरच्या थरातल्या पेशींना मिळणारं ऊन त्यांच्या गरजेहून कितीतरी जास्त असतं, ते उष्णता होऊन वाया जातं. खालच्या पेशी अंधारात साठवलेलं अन्न जाळत बसतात. म्हणून रोज ठरावीक हिस्सा काढून घ्यावा लागतो, तेव्हाच उरलेल्यांना प्रकाश मिळतो. काढणी थांबली की दाटी वाढते, पोषकद्रव्यं संपतात, आणि एका दिवसात हिरवंगार पाणी तपकिरी होऊ शकतं. गव्हाचं शेत चार दिवस उशिरा कापलं तर चालतं. शेवाळाला ती सवलत नाही.

आणि काढायचं म्हणजे काय काढायचं? उघड्या तळ्यात एका लिटरला अर्धा ग्रॅम शेवाळ असलं तरी खूप झालं. एक किलो मिळवायला २,००० लिटर पाणी गाळा. एका हेक्टरमधून रोजचे २०० किलो हवे असतील तर रोज चार लाख लिटर पाणी हाताळावं लागतं. पेशी इतक्या बारीक की साध्या कापडातून निसटतात. त्यांना रसायनं घालून एकत्र गोळा करायचं, तळाशी बसू द्यायचं किंवा हवेच्या बुडबुड्यांनी वर तरंगवायचं, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. एवढं करून हाती येतो तो हिरवा लगदा. त्यात अजून चार भाग पाणी आणि एक भाग शेवाळ. तो वाळवायला लागणारी उष्णता शेवाळातल्या एकूण ऊर्जेच्या निम्म्याच्या घरात जाते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय. उन्हात पसरून वाळवता येतं, पण मग आणखी जमीन लागते.

रेडहॉकला दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या. शेवाळ अपेक्षेपेक्षा वेगानं वाढलं आणि काढणीची यंत्रणा पुरी पडली नाही. शिवाय पूर्ण यंत्रणेचा खर्च ठरवलेल्या उद्दिष्टाच्या दुप्पटीहून जास्त निघाला. कंपनीनं सुमारे निम्मी माणसं कमी केली. संगणक एकमेकांना जोडणाऱ्या इथरनेट तंत्रज्ञानाचे एक जनक बॉब मेटकाफ हे तिच्या गुंतवणूकदार कंपनीतले. त्यांनी काही काळ प्रमुखपद हाती घेतलं. यशामुळे अडचणीत आलो, असा त्यांचा सूर होता. तो पूर्ण चुकीचा नाही. वाढवण्यातलं यश खरंच होतं. पण काढणी ही नंतर बघू म्हणण्याजोगी गोष्ट नाही, ती अर्धी शेती आहे, हे त्या उन्हाळ्यात ठळक झालं.

रॉसवेलची तळी

मला यात खरा चटका लावणारा भाग वेगळाच वाटतो. हे सगळं रेडहॉकपासून फार दूर नसलेल्या न्यू मेक्सिकोत आधीच करून झालं होतं.

कल्पना तर १९६० पर्यंत मागे जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठातले विल्यम ऑसवाल्ड आणि क्लॅरेन्स गोल्युके यांनी तेव्हा मांडलं होतं की प्रचंड तळ्यांत शेवाळ वाढवावं, ते कुजवून मिथेन काढावा, मिथेनवर वीज करावी आणि धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड पुन्हा तळ्यात सोडावा. १९७८ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं जलीय वनस्पतींवरचा कार्यक्रम सुरू केला. तो १९९६ पर्यंत चालला आणि त्यावर अडीच कोटी डॉलर खर्च झाले. संशोधकांनी ३,००० हून अधिक शेवाळं गोळा केली आणि छाननी करून ३०० च्या आसपास ठेवली. १९८० च्या दशकाच्या शेवटी रॉसवेल इथे प्रत्येकी १,००० चौरस मीटरची दोन तळी चालवली गेली.

ही तळी दिसायला अगदी साधी. शर्यतीच्या मैदानासारखी लांबट गोल वाट, वीस-तीस सेंटिमीटर पाणी, आणि ते हळूहळू फिरवणारं एक पॅडल व्हील. इतक्या उथळ पाण्यात वायू सोडला तर बुडबुडा विरघळायच्या आत वर येऊन फुटतो. म्हणून अशा तळ्यांत वाटेवर एक खोल खड्डा ठेवतात आणि वायू तळाशी सोडतात. किती सोडायचा हे पाण्याचा सामू (पीएच) सांगतो: शेवाळ कार्बन डायऑक्साइड खाऊ लागलं की सामू वर चढतो, चढला की झडप उघडायची. रॉसवेलला सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ९० टक्क्यांहून जास्त वापरला गेला. फार मोठी गोष्ट होती ही. मात्र तो शुद्ध कार्बन डायऑक्साइड होता, चार टक्क्यांचा फ्लू गॅस नव्हे. एखाद्या दिवशी चौरस मीटरला ५० ग्रॅम उत्पादनही दिसलं. आणि वर्षाची सरासरी? साधारण १० ग्रॅम. वाळवंटातल्या रात्री थंड, हिवाळा कडक; पाणी गार झालं की शेवाळ मंदावतं. प्रयोगशाळेत जपलेली निवडक शेवाळं उघड्यावर टिकेनात. वाऱ्यानं आलेली स्थानिक जात येऊन तळं काबीज करी. शेवटी आपलं लाडकं शेवाळ लादण्यापेक्षा आपोआप येईल तेच वाढू द्यावं, असंही म्हटलं गेलं.

१९९८ मध्ये या कार्यक्रमाचा समारोपाचा अहवाल प्रसिद्ध झाला. इंधन हवं असेल तर उघडी, स्वस्त तळीच विचारात घ्यावीत, हा त्यातला सूर. ग्रीनफ्युएलनं उलटी वाट धरली: बंद नळ्या, नियंत्रित वातावरण, महाग काच-प्लास्टिक. त्यांच्या बाजूनंही बोलता येतं. बंद यंत्रणेत परकं शेवाळ सहज घुसत नाही, पाणी उडून जात नाही, आणि पेशी दाट ठेवता येतात, म्हणजे काढणी सोपी. पण उन्हाचा आड दोघांनाही एकच. त्याच आडातून पाणी काढायला एकानं दोरी वापरली, दुसऱ्यानं सोन्याची साखळी.

पकडला की फक्त थांबवला

क्षणभर मानू की जमीन, काढणी, पैसा, सगळं जमलं. तरी एक हिशोब उरतो, आणि तो बहुतेक लेखांत एका ओळीत उरकलेला असतो. शेवाळापासून डिझेल केलं आणि ते गाडीत जाळलं, की धुराड्यातला कार्बन काही आठवड्यांनी गाडीच्या मागून हवेत जातो. फायदा होतो तो त्या डिझेलमुळे तेवढं खनिज डिझेल जमिनीत राहिलं तरच. म्हणजे वीज केंद्र आणि गाडी या दोघांत मिळून एकाच कार्बनची एकदा बचत. वीज केंद्रानं 'आम्ही उत्सर्जन पकडलं' म्हणायचं आणि इंधनवाल्यानं 'आमचं इंधन कार्बनमुक्त' म्हणायचं, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही.

खताचा खर्चही याच वहीत लिहायचा. शेवाळाच्या कोरड्या वजनात सात टक्के तरी नायट्रोजन असतो. रेडहॉकचा सगळा वायू बांधायचा तर वर्षाला नऊ लाख टन शेवाळ, आणि त्याला ६०,००० टनांहून जास्त नायट्रोजन. तो सहसा अमोनियातून येतो, आणि अमोनियाच्या कारखान्यालाही धुराडं असतं. लगद्यातून तेल काढल्यावर उरलेल्या चोथ्यातला नायट्रोजन परत तळ्यात आणता येतो, आणला पाहिजेच. सांडपाण्यावर शेवाळ वाढवलं तर खत फुकटही मिळतं. पण १२० चौरस किलोमीटर तळ्यांना पुरेल एवढं सांडपाणी वाळवंटात कुठून आणायचं?

नंतर

२००८ मध्ये बर्झिन यांचं नाव 'टाइम' साप्ताहिकाच्या जगातल्या शंभर प्रभावशाली व्यक्तींच्या यादीत आलं. त्याच वर्षी कंपनीनं स्पेनमधल्या एका सिमेंट कारखान्याजवळ ९.२ कोटी डॉलरचा प्रकल्प जाहीर केला. जुलैमध्ये तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढला आणि डिसेंबरात चाळिशीखाली कोसळला. मंदी आली, नवा पैसा मिळेना. सात कोटी डॉलरच्या वर भांडवल वापरून झाल्यावर २००९ च्या मे महिन्यात ग्रीनफ्युएल बंद झाली. मंदीनं मारलं असं तेव्हा म्हटलं गेलं. मंदीनं तारीख ठरवली, इतपत मी मान्य करेन.

बर्झिन यांनी शेवाळ सोडलं नाही. पुढे त्यांनी आइसलँडमध्ये व्हॅक्सा ही कंपनी उभी केली. हेलिशेइदी या भूऔष्णिक वीज केंद्राला लागून असलेल्या इमारतीत ती शेवाळ वाढवते. तिथे तळी नाहीत, ऊनही नाही; एलईडीचा प्रकाश आहे, केंद्राचं गरम-गार पाणी आहे आणि केंद्रातूनच येणारा कार्बन डायऑक्साइड आहे. तयार होणारं शेवाळ खाद्य म्हणून विकलं जातं, जिथे किलोचा भाव डिझेलशी तुलना करण्याजोगा नसतो. शेवाळाला किती वायू लागतो हे पीक ठरवतं, धुराडं नाही.

आणि धुराड्याचं काय? त्याच हेलिशेइदी केंद्रात कार्बफिक्स नावाचा प्रकल्प कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्ट खडकात खोल सोडतो, आणि तिथे त्याचा दोनेक वर्षांत दगड होतो. २०२० च्या सुमारास हे प्रमाण होतं वर्षाला सुमारे १२,००० टन; केंद्राच्या तेव्हाच्या उत्सर्जनाचा तिसरा हिस्सा. रॉसवेलच्या तळ्यांच्या सरासरीनं तेवढं बांधायला १८० हेक्टर पाणी लागलं असतं, शिवाय ऊनही न्यू मेक्सिकोचं.